ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर? वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजचा अनुभव

"गाडी एका बाजूला ओढते." आठ महिने मी हे एकच वाक्य सांगत फिरत होते. तीन गॅरेजवाल्यांनी ते ऐकलं आणि तिघांनीही पुढे एकच विचारलं, "कुठल्या बाजूला?" डावीकडे, मी म्हणायचे. मग गाडी वर चढायची, डावं चाक उतरायचं, काहीतरी नवीन बसायचं आणि माझ्या हातात बिल यायचं.

चौथ्या ठिकाणच्या काकांनी चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला चहाचा ग्लास बाजूच्या टायरवर ठेवला आणि विचारलं, "ब्रेक दाबल्यावर ओढती का सोडल्यावर ओढती?"

मला सांगता येईना. सतरा वर्षं घरात असलेली गाडी, रोज दीड-दोन तास मीच चालवते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ते म्हणाले, "मग आज काय उघडायला नको. दोन दिवस चालवा, ध्यान ठेवा आणि मला सांगा." पैसे घेतले नाहीत, गाडीला हात लावला नाही. मी शाळेतून अर्धी रजा टाकून गेले होते, त्यामुळे परत येताना खरं सांगायचं तर चिडलेच होते.

हे सगळं त्या चौथ्या गॅरेजबद्दल आहे. काकांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय. "काम लिहा, नाव नको. दोन माणसांचं गॅरेज, लाईन लागली तर मलाच घाई हुईल," असं त्यांचं म्हणणं. म्हणून खूण तेवढी देते: ठाण्यात वागळे इस्टेट, रोड नंबर २२ च्या बाजूची एक आतली गल्ली, एका लेथवाल्याला लागून एक शटर. बाहेर जुने ब्रेक ड्रम एकावर एक रचून ठेवलेत, तीच पाटी समजायची.

आता गाडीबद्दल. मारुती वॅगन आर, एलएक्सआय, पेट्रोल, २००८ ची. बाबांनी घेतली होती. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये, तोपर्यंत ही गाडी अकरा वर्षांची झाली होती. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. विकून टाक म्हणणारे घरात आणि सोसायटीत भरपूर आहेत. इंजिन अजून गोड चालतं आणि आईला हिच्यातच नीट बसता-उतरता येतं, सीट उंच आहे म्हणून. तिचे गुडघे दुखतात. त्यामुळे गाडी राहणार हे ठरलेलं आहे, आणि राहणार असेल तर ब्रेक शंभर टक्के हवेत.

मी वाघबीळला राहते, शाळा नौपाड्यात. म्हणजे रोजचा घोडबंदर रोड. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, पहिला-दुसरा गिअर आणि ब्रेक, पुन्हा पहिला-दुसरा आणि ब्रेक. मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून तर डावा पाय आणि उजवा पाय दोन्ही सारखेच दमतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढचे पॅड झिजले म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये बदलले. महिनाभरात त्रास सुरू झाला. सकाळी गाडी एकदम हलकी. मानपाड्याच्या पुढे गेलं की जड वाटायची, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. घरी पोचल्यावर डाव्या चाकाजवळ करपल्याचा वास. त्याच गॅरेजने पॅड काढून, घासून, साफ करून ५०० रुपये घेतले. फरक पडला नाही. फेब्रुवारीत दुसऱ्या ठिकाणी दोन्ही डिस्क नव्या टाकल्या आणि अलाइनमेंट केली, ४,७०० रुपये. फरक नाही.

मग मे महिन्यात जे झालं ते लिहिताना आजही हात थांबतो. नाशिकहून बहिणीकडून येत होते, आई मागे बसलेली. कसारा घाट उतरताना शेवटच्या वळणांच्या आधी पेडल मऊ झालं. पाय नेहमीपेक्षा कितीतरी खाली गेला आणि गाडी हवी तेवढी थांबेना. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत कडेला घेतली. आईला वाटलं पाणी प्यायला थांबवली. डाव्या चाकातून धूर म्हणावा असं काही नव्हतं, पण जवळ उभं राहवत नव्हतं इतकी धग. चाळीस मिनिटांनी पेडल आपोआप पहिल्यासारखं घट्ट झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिसरं गॅरेज त्यानंतरचं. मोठं, काचेची केबिन, एसी. त्यांनी सांगितलं, एअर आली असेल, म्हणजे ब्रेकच्या पाईपात हवा शिरली असेल, किंवा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, जॅम असेल. डावा कॅलिपर नवीन, एअर काढली, मजुरीसकट ५,१०० रुपये. शिवाय उजवा कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ब्रेक ऑईलमधून चाकांपर्यंत पोचवणारा पंप) आणि मागचा सगळा सेट बदलायचा अंदाज लिहून दिला, बारा हजारांच्या आसपास. पुढच्याच आठवड्यात वाघबीळच्या सिग्नलला परत तोच वास.

आता तुमच्या लक्षात येईल, ऑगस्टमध्ये काकांनी गाडी न उघडताच मला परत पाठवलं तेव्हा मी का चिडले होते.

पण मी लक्ष ठेवलं. दोन दिवस रेडिओ बंद, फोन बंद, फक्त पाय आणि स्टिअरिंग. आणि एक वेगळीच गोष्ट हाती लागली. ब्रेक दाबताक्षणी गाडी किंचित उजवीकडे जाते. सोडल्यावर डावीकडे. म्हणजे ओढते ती दोन्हीकडे, वेगवेगळ्या वेळी. इतके महिने माझ्या हाताने उजवीकडचा तो पहिला झटका नकळत सांभाळून घेतला होता आणि मला जाणवत होता तो फक्त नंतरचा.

हे सांगितल्यावर काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आता कसं! गुरुवारी संध्याकाळी सहाला या. गाडी तापते त्या टायमाला."

गुरुवारी पाऊस थांबून रस्ते नुसते ओले होते. आधी उभ्या गाडीत दोन तपासण्या झाल्या. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबायला लावलं, तेवढ्यात बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल पायाखाली जरासं खाली बसलं. बूस्टर चांगला. नंतर चालू इंजिनवर एक मिनिटभर पेडल एकसारख्या जोराने धरायला सांगितलं आणि स्वतः वाकून पेडलकडे बघत राहिले. ते हळूहळू खाली सरकत गेलं असतं आणि बाहेर कुठे गळती नसती, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेली असं समजायचं. पेडल जागचं हललं नाही. जो मास्टर सिलिंडर बदलायचा अंदाज मला लिहून मिळाला होता, तो एका मिनिटात निर्दोष सुटला.

मग चारही चाकं गार असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजली. पिस्तुलासारखं दिसतं ते यंत्र, करोनात कपाळावर धरायचे त्याच जातीचं, फक्त जास्त तापमान दाखवणारं. चारही चाकं ३४ ते ३६ अंश. आकडे त्यांच्या पोराने खडूने शटरवर लिहिले. काका माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आता रोज जाता तसं चला. मी हाय म्हणून नीट चालवू नका."

तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, तिथून वळून परत. संध्याकाळची गर्दी, जवळजवळ पन्नास मिनिटं. ते काही बोलले नाहीत. एकदा सपाट रस्ता मोकळा मिळाला तेव्हा म्हणाले, "न्यूट्रल करा, ब्रेकला हात, म्हंजे पाय, लावू नका." गाडी घरंगळत जायच्या ऐवजी कुणी दाव्याला बांधल्यासारखी थांबत गेली. पेट्रोल पंपाच्या कडेला थांबवून लगेच मोजलं. पुढचं उजवं ७६. मागची दोन्ही ५० च्या आसपास. पुढचं डावं १८८.

मी दहावीला भूमिती शिकवते. पक्ष, साध्य, सिद्धता, आणि प्रत्येक पायरीपुढे कारण. मुलं पायरी गाळतात तेव्हा मी गुण कापते. म्हणून पुढचं जे मी बघितलं ते मला फार आवडलं. तो माणूस प्रत्येक पायरीला कारण देत होता आणि कारण मिळाल्याशिवाय पुढे जात नव्हता.

ते म्हणाले, बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन लायनी तिरक्या असतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं एका लायनीवर, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्या. एक लाईन फुटली तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक हाताशी राहावं म्हणून. आता मास्टर सिलिंडर प्रेशर धरून ठेवत असता, तर डाव्या पुढच्या चाकाबरोबर मागचं उजवंही तापलं असतं. ते ५० वर आहे. म्हणजे गडबड त्या एका चाकाच्या आसपासच आहे. स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत नाही, म्हणजे डिस्क वाकडी नाही. राहिलं काय? कॅलिपर, तो ज्यांच्यावर सरकतो त्या पिना, आणि तिथपर्यंत येणारा पाईप.

गॅरेजमध्ये शिरताना पोरगा जॅक घेऊन तयारच उभा होता. "गार झाली की चोर पळून जातो," काका म्हणाले. गाडी चढवली. खरं तर जॅकवर गाडी घेतली की बरेच जण तशीच कामाला लागतात. इथे आधी खाली लोखंडी घोडी लावली, गाडी घरंगळू नये म्हणून मागच्या चाकांना ओट लावली, मगच मला आत बसू दिलं. मी पेडल दाबलं, सोडलं. काकांनी चाक फिरवायचा प्रयत्न केला. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून. हलेना. मी उतरून स्वतः करून बघितलं, भिंतीला जोर लावावा तसं वाटलं.

आता ऐका, कारण अख्ख्या आठ महिन्यांचं उत्तर पुढच्या दोन मिनिटांत होतं. चॅसीकडून येणारा ब्रेकचा पाईप लोखंडी असतो. चाक वळतं, वर-खाली होतं, म्हणून शेवटचा वीतभर-दीड वीत तुकडा रबराचा असतो. त्याला होज पाईप म्हणतात. काकांनी आधी होजच्या वरचा जोड, लोखंड आणि रबर मिळतं तिथला, पान्याने जरासा ढिला केला. दोन थेंब आले. चाक फिरवलं. घट्टच. जोड परत आवळला. मग कॅलिपरवरच्या निपलला, म्हणजे ऑईल बाहेर काढायच्या बारीक तोटीला, कापड गुंडाळलं आणि तो पाव फेरा ढिला केला. फस्सकन पिचकारी उडाली, कापड काळं झालं, आणि त्याच क्षणी पोराच्या हाताखालचं चाक सुटून गरगर फिरलं.

वर उघडलं तर दाब जात नाही, खाली उघडलं तर जातो. म्हणजे दाब मधे अडकलाय. मधे फक्त होज आहे.

मी तिथे उभ्या उभ्या टाळी वाजवली, खरंच वाजवली.

होज काढून त्यांनी माझ्या समोर कापला. बाहेरून पाईप ठणठणीत होता. ना चीर, ना फुगवटा, ना ओल. आत मात्र रबर सुजून भोक इतकं बारीक झालं होतं की मी फुंकून बघितलं तर गाल फुगले आणि दुसऱ्या टोकाला काही नाही. नवीन होजमधून उदबत्तीची काडी सहज गेली, जुन्यात टोकाशीच अडली. पायाच्या जोराने ऑईल आत ढकललं जायचं, पण जरा उशिरा. म्हणून दाबताक्षणी उजवं चाक आधी धरायचं आणि गाडी उजवीकडे जायची. सोडल्यावर परत यायला जोर कुणाचाच नाही, म्हणून डावं चाक धरूनच राहायचं. रात्रभरात दाब झिरपून जायचा. म्हणून सकाळी गाडी हलकी आणि गॅरेजमध्ये गार गाडी तपासली की सगळं चांगलं.

पॅडही हेच सांगत होते. व्हर्निअरने मोजून दाखवले. उजवीकडचे दोन्ही आठ मिलिमीटर, डावीकडचे दोन्ही चार. एकाच दिवशी बसवलेले. कॅलिपरच्या पिना अडकल्या असत्या तर आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजला असता. इथे दोन्ही सारखे झिजलेत, म्हणजे पिना मोकळ्या. आणि कॅलिपर तर नवाकोरा. नुसते पॅड हातात धरून वाचले असते तरी माझे फेब्रुवारी आणि मे वाचले असते.

रबर सुजलं कशाने? एकतर वय. दुसरं त्यांनी विचारलं, "पॅड बदलताना तुम्ही तिथं हुता का? कॅलिपर कशावर ठेवलेला?" मी होते. कॅलिपर लोंबकळत होता, त्याच पाईपवर. मला ते नेहमीचंच वाटलं. कॅलिपर चांगला वजनदार असतो, तो पाईपवर लटकवला की आतलं रबर फाटायची, सुटायची शक्यता असते. काका तारेच्या आकड्याने स्प्रिंगला बांधून ठेवतात. त्यामुळेच झालं असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही, आणि म्हणून मीही कुणावर ढकलत नाही. ऑईलच्या टाकीच्या झाकणातलं रबरही काढून बघितलं. चुकून कुणी इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल ओतलं असेल तर ते रबर फुगून वेडंवाकडं होतं आणि मग लायनीतलं प्रत्येक रबर बदलावं लागतं. ते सपाट होतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग कसाऱ्याचं कोडं सुटलं. आपण ब्रेक ऑईल म्हणतो, पण ते तेल नसतं, ग्लायकोल जातीचं द्रव असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. अगदी होजच्या रबरातूनसुद्धा. माझ्या गाडीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलंय, तो या द्रवाचा दर्जा. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. काकांनी पेनासारखं एक यंत्र टाकीत बुडवलं, सगळ्यात वरचा लाल दिवा लागला, चार टक्क्यांच्या पुढे. आता हिशेब करा. घोडबंदरच्या सिग्नलवर जे चाक १८८ ला जातं ते घाटात किती तापलं असेल! आतलं द्रव उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली गेला. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल घट्ट.

काकांनी शेवटचं ऑईल कधी बदललं विचारलं तेव्हा मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाबांची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि रक्कम. 'ब्रेक ऑईल बदली, मार्च २०१७, ६१,२०० कि.मी.' त्यानंतर ब्रेक ऑईलची नोंद नाही. बाबा २०१९ मध्ये गेले, आणि पुढची पानं कोरी. काकांनी ती वही बराच वेळ चाळली. एका पानावर होज पाईपची नोंद शोधत होते, ती कुठेच नव्हती. म्हणजे पाईप कंपनीतून आले तेच, सतरा वर्षांचे. उजवा होज तपासणीत चांगला निघाला होता. "वय एकच हाय. बदला म्हणून माझी जबरदस्ती नाही," म्हणाले. मी दोन्ही बदलायला सांगितले.

सगळं ऑईल नवीन भरलं. मी आत बसून पेडल दाबायचं, ते प्रत्येक चाकाशी निपल उघडणार. "दाबा. धरा. सोडा." पारदर्शक नळी बाटलीत सोडलेली. आधी काळ्या चहासारखं, मग फेसाळ बुडबुडे, मग हळूहळू मधासारखं स्वच्छ. पंचेचाळीस मिनिटं हेच. मांडी भरून आली. रंगावर ऑईल सांडलं तर रंग खातं म्हणून पोरगा पाण्याची बादली घेऊन उभाच होता.

मागचे ड्रम उघडले. त्याची धूळ त्यांनी हवेने उडवली नाही, ओल्या ब्रशने काढली. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणारं अस्तर) ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते नाकात जायला नको. तीस वर्षं हे काम करणारा माणूस पोराच्या तोंडाला रुमाल बांधायला लावतो हे बघून बरं वाटलं. लायनर तीन मिलिमीटर शिल्लक, बदलायची गरज नाही. डाव्या व्हील सिलिंडरच्या, म्हणजे लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, रबरी टोपीखाली मात्र ओल होती. ती टोपी उचलून मला बोटाने दाखवली आणि तेवढा सिलिंडर बदलला. मागचा सगळा सेट बदलायचा अंदाज आठवा, आणि हा एक सिलिंडर बघा.

बिल असं: दोन होज १,०४०, ऑईल ४२०, व्हील सिलिंडर ३८०, मजुरी १,६००. एकूण ३,४४०. आधी जे निष्फळ गेले ते १०,३००. जुने तुकडे सगळे पिशवीत घालून दिले, न मागता.

आता खटकलेल्या गोष्टी, त्या लिहिल्याच पाहिजेत. वेळ फार लागतो. मला एकूण तीन फेऱ्या पडल्या आणि गुरुवारी रात्री साडेदहाला सुटले. बसायला जागा नाही, एक लाकडी बाक आहे त्यावर पार्ट पडलेले असतात. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत नेऊ नका, शौचालयाची सोय जवळपास नाही. दिवसा फोन उचलत नाहीत, हात ऑईलचे असतात. बिल हाताने लिहिलेलं, कच्चं. ज्यांना कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतात त्यांना ते चालणार नाही. पावसात त्या गल्लीत पाणी साचतं. आणि एबीएसचा दिवा लागलाय, सेन्सरचं काम आहे, असं असेल तर ते स्वतःच सांगतात की माझ्याकडे त्याचं मशीन नाही, दुसरीकडे जा. शुक्रवारी बंद.

एक मतभेदही आहे. ते गिऱ्हाइकाला उभं करून सगळं दाखवतात, मला ते हवं होतं. माझ्या शेजाऱ्यांना मात्र त्याचा कंटाळा आला, "मला गाडी द्या, मी ऑफिसला जातो" असं त्यांचं. काका गाडी ठेवूनही घेतात, पण चालवून बघायला मालक सोबत पाहिजे हा त्यांचा हट्ट आहे. मला तो हट्ट बरोबर वाटतो. गाडी कशी चालते हे चालवणाऱ्याच्याच पायाला माहीत असतं, फक्त कुणीतरी नीट विचारावं लागतं.

दिवाळीत नाशिकला गेले. येताना कसारा दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेकवर पाय ठेवून न राहता थोडं दाबून सोडत. मे महिन्यात थांबले होते तिथेच थांबवली. काकांनी शिकवलं होतं, चाकाला हात टेकवायचा नाही, पंजाची मागची बाजू वीतभर अंतरावरून न्यायची. आधी उजवं, मग डावं. दोन्हीकडे सारखीच कोमट धग. आईने काच खाली करून विचारलं, "काय झालं गं?" काही नाही, म्हटलं, पाणी पितेस का?

तुम्ही जाणार असाल तर संध्याकाळी जा, आणि गाडी तापलेली असताना जा. जायच्या आधी दोन दिवस बघून ठेवा: ओढते ती दाबल्यावर की सोडल्यावर, गार असताना की तापल्यावर, पेडल मऊ होतं की खाली जातं, वास कुठल्या चाकाला येतो. जुनी बिलं असतील तर घेऊन जा, ते वाचतात. माझ्या निळ्या वहीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय: 'होज २ नग, ब्रेक ऑईल, ऑगस्ट २०२५. ऑईल परत ऑगस्ट २०२७.'